दोन समुद्रांची अन्नजाळी एका तागडीत: तुलनेची सविस्तर रीत

सोलापूरहून मुंबईचा किनारा चारशे किलोमीटर. इथल्या प्राणिशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी सागरी विषय घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: बोट कुठून आणणार? अन्नजाळ्यांच्या तुलनेला बोट लागत नाही. प्रसिद्ध झालेली आहार-माहिती, एक्सेल, 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर आणि कारकुनी चिकाटी एवढ्यावर हे काम उभे राहते. अडचण दुसरीकडेच आहे.

कॅरिबियन प्रवाळभित्तीचे अन्नजाळे घ्या. सिल्विया ओपित्झ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीवरून एका अभ्यासात ५० गाठींचे (गाठ म्हणजे एक जीव किंवा जीवांचा एक गट) जाळे तयार झाले, दुसऱ्यात २४९ गाठींचे. दुवा म्हणजे एका गाठीने दुसरीला खाणे: पहिल्यात ५५६ दुवे, दुसऱ्यात ३,३१३. कनेक्टन्स, म्हणजे शक्य असलेल्या दुव्यांपैकी प्रत्यक्षात किती आहेत ते प्रमाण, पहिल्यात ०.२२ आणि दुसऱ्यात ०.०५३. समुद्र तोच, मासे तेच, आकडा चौपट वेगळा. या ५० गाठींच्या जाळ्याशेजारी कोणी दुसऱ्या समुद्राचे २५० गाठींचे जाळे ठेवले आणि 'प्रवाळभित्तीची वीण जास्त घट्ट' असे लिहून टाकले, तर ते वाक्य समुद्राबद्दल काहीच सांगत नाही.

यंत्रमागाच्या गावात हे समजावणे सोपे आहे. दोन चादरींची वीण इंचात किती धागे यावर तोलायची तर आधी दोन्हींचे सूत किती नंबरचे ते विचारावे लागते. अन्नजाळ्यात सुताचा नंबर म्हणजे गाठींची बारकाई: 'मासे' अशी एकच गाठ मारली आहे, की बांगडा, तारली, मांदेली वेगवेगळे धरले आहेत. खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे हीच एक काळजी आहे.

पायरी १: कोणत्या प्रकारचे जाळे तोलणार ते ठरवा

अन्नजाळी तीन प्रकारची असतात आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. पहिले फक्त 'कोण कोणाला खातो' एवढे सांगते. दुवा आहे किंवा नाही. दुसरे किती खातो तेही सांगते. इकोपाथ प्रारूपे, म्हणजे कोण किती खातो याचा ताळेबंद मांडणारी संगणकी प्रारूपे, या प्रकारची. तिसऱ्यात दुवे नसतातच, नायट्रोजन आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, प्रत्येक प्राण्याची जागा कळते. पहिल्यांदाच करणाऱ्याने पहिला प्रकार घ्यावा, दुसऱ्याकडे नंतर वळावे. तिसऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च येतो.

सरावासाठी तीन जाळी उत्तम: दक्षिण आफ्रिकेजवळचा बेंग्वेला, कॅरिबियन प्रवाळभित्तीचे छोटे रूप आणि अमेरिकेचा ईशान्य किनारी उथळ समुद्र. अनुक्रमे अपवेलिंगचा, म्हणजे खालचे थंड, पोषक पाणी वर येणारा समुद्र, उष्ण प्रवाळ, समशीतोष्ण किनारी पट्टा. जेनिफर डन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या तिघांची एकत्र तुलना प्रसिद्ध केली, त्यामुळे तुमची उत्तरे त्यांच्या उत्तरांशी ताडून पाहता येतात. आपल्या बाजूचा समुद्र हवा असेल तर केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटक किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्राचे इकोपाथ प्रारूप प्रसिद्ध केलेले आहे. इतर प्रारूपांसाठी 'इकोबेस' हा खुला संग्रह, सुट्या आहार-नोंदींसाठी 'ग्लोबी', 'फिशबेस' आणि 'सीलाइफबेस' पाहा.

माहिती उतरवण्याआधी प्रत्येक जाळ्याचा एक ओळखपत्र-तक्ता करा. क्षेत्र आणि खोली, माहिती कोणत्या वर्षांची आणि कोणत्या ऋतूंतली, दुवा पोट फाडून पाहिलेला आहे की पुस्तकातून उचललेला की तज्ज्ञाच्या अंदाजाचा, जीवाणू मोजले का, पक्षी आणि देवमासे धरले का, एक टक्क्याहून कमी आहार वगळला का. हा तक्ता कंटाळवाणा आहे आणि निम्मी तुलना इथेच निकालात निघते. एका जाळ्यात समुद्रपक्ष्यांच्या पाच गाठी आणि दुसऱ्यात एकही नाही, असे दिसले तर त्या दोन जाळ्यांतल्या 'सर्वोच्च भक्षकांचे प्रमाण' या आकड्याला अर्थ उरत नाही.

वर्ष तर कधीच सोडू नका. उत्तर बेंग्वेलात, म्हणजे नामिबियासमोर, तारलीवर्गीय मासे कोसळल्यावर जेलीफिश माजले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तिथे जेलीफिश १.२२ कोटी टन आणि मासे ३६ लाख टन होते. तारलीच्या काळातले जाळे आणि जेलीफिशच्या काळातले जाळे यांना एकच 'बेंग्वेला' म्हणता येणार नाही.

पायरी २: आहार-सारणी

ओळीत भक्ष्य, स्तंभात भक्षक. प्रत्येक भक्षकाच्या स्तंभाची बेरीज १. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सारणी आडवी-उभी उलटी पडणे, कारण काही प्रसिद्ध सारण्या उलट मांडणीच्या असतात. तपासणी सोपी: वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म हिरवे जीव) कोणाला खात नाही, म्हणून त्याचा स्तंभ पूर्ण रिकामा हवा. तो भरलेला आणि शार्कचा रिकामा दिसला तर सारणी उलटली आहे.

मासेमारीच्या बोटी ही गाठ नव्हे, ती काढा. कुजका सेंद्रिय गाळ ठेवायचा तर सर्व जाळ्यांत ठेवा. मेलेला मासा गाळात जातो हा प्रवाह आहे, 'खाणे' नाही. तो दुवा म्हणून मोजला की प्रत्येक गाठीला एक खोटा दुवा चिकटतो.

गाठींची नावे संगणकात देवनागरीत ठेवू नका, शास्त्रीय नावे रोमन लिपीत ठेवा. कारण दोन आहेत. 'आर'ची काही जुनी पॅकेजेस देवनागरीवर अडखळतात. आणि मराठी नावे किनाऱ्याच्या प्रत्येक तालुक्यात सरकतात. तारली आणि पेडवा या दोन नावांखाली नेमके कोणते मासे, हे रत्नागिरीत आणि वेंगुर्ल्यात विचारून पाहा.

पायरी ३: हाताने एक जाळे सोडवा

संगणकावर जाण्याआधी कोकण किनाऱ्याच्या धर्तीवर सात गाठींचे जाळे कागदावर सोडवावे. खालचे टक्के सरावापुरते आहेत, मोजलेले नाहीत.

वनस्पतिप्लवक आणि गाळ हे तळाचे, दोघांची पोषण पातळी, म्हणजे अन्नसाखळीतली पायरी, १. प्राणिप्लवक फक्त वनस्पतिप्लवक खातो. जवळा ४० टक्के प्राणिप्लवक, ३० टक्के वनस्पतिप्लवक, ३० टक्के गाळ खातो. मांदेली ७० टक्के प्राणिप्लवक, ३० टक्के जवळा. बोंबील ६० टक्के जवळा, ३० टक्के मांदेली आणि १० टक्के स्वतःच्याच जातीची पिल्ले. बोंबील स्वजातिभक्षक आहे. वाकटी ४० टक्के मांदेली, ४० टक्के बोंबील, २० टक्के जवळा.

पोषण पातळी = १ + (प्रत्येक भक्ष्याचा वाटा × त्या भक्ष्याची पातळी) यांची बेरीज.

प्राणिप्लवक: १ + १ = २. जवळा: १ + ०.४×२ + ०.३×१ + ०.३×१ = २.४. मांदेली: १ + ०.७×२ + ०.३×२.४ = ३.१२. बोंबिलाशी गाडी अडते, कारण त्याची पातळी काढायला त्याचीच पातळी लागते. ती अज्ञात धरून समीकरण मांडा: पातळी = १ + १.४४ + ०.९३६ + ०.१×पातळी. म्हणजे ०.९×पातळी = ३.३७६, आणि पातळी ३.७५. वाकटी: १ + ०.४×३.१२ + ०.४×३.७५ + ०.२×२.४ = ४.२३.

एक्सेलमध्ये बोंबिलाच्या जागी 'सर्क्युलर रेफरन्स'ची तक्रार येते. ऑप्शन्समधल्या फॉर्म्युलाज भागात 'इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन' चालू केले की सुटते. मोठ्या जाळ्यात मात्र हा मार्ग धरू नका, तिथे एकक सारणीतून आहार-सारणी वजा करून जी येते तिचा व्यस्त काढावा. 'नेटइंडायसेस' हे पॅकेज ते आपणहून करते.

आता दुवे मोजा: प्राणिप्लवकाचा १, जवळ्याचे ३, मांदेलीचे २, बोंबिलाचे ३ (स्वतःचा धरून), वाकटीचे ३. एकूण १२. कनेक्टन्स = दुवे ÷ (गाठी × गाठी) = १२ ÷ ४९ = ०.२४५. प्रति गाठ दुवे १.७१. तळाच्या गाठी सातात दोन, सर्वोच्च एक, मधल्या चार.

इथे एक खड्डा आहे. काही लेखक स्वजातिभक्षण वगळतात आणि दुवे ÷ (गाठी × (गाठी − १)) असे मोजतात; तसे केले तर ११ ÷ ४२ = ०.२६. आणखी काही जण दिशा न धरता मोजतात, मग आकडा साधारण दुप्पट होतो. तिघेही त्याला कनेक्टन्सच म्हणतात. प्रसिद्ध आकडा उचलून शेजारी ठेवण्यापेक्षा मूळ सारणी मिळवून तो स्वतः काढा.

दुसरा खड्डा गाठी एकत्र करण्याचा. याच जाळ्यात जवळा आणि प्राणिप्लवक एकत्र करून एकच 'प्राणिप्लवक' गाठ मारा. जवळा प्राणिप्लवक खात होता, म्हणून नवी गाठ स्वतःलाच खाऊ लागते. सहा गाठी, दहा दुवे, कनेक्टन्स ०.२७८. मूळ जाळ्यात सातात एकच स्वजातिभक्षक होता, आता सहात दोन झाले. समुद्रात काहीही बदलले नाही. जुन्या, ढोबळ जाळ्यांत 'स्वजातिभक्षण जास्त' दिसते त्यातला बराच भाग असाच कारकुनी असतो.

पायरी ४: सूत एका नंबरचे करा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि प्रकल्पाचा निम्मा वेळ इथे गेला तर तो वाया गेला असे समजू नका.

सुरुवात 'ट्रॉफिक स्पीशीज'पासून करा: ज्या गाठींचे सर्व भक्ष्य आणि सर्व भक्षक तंतोतंत सारखे, त्या एक करा. अमेरिकी ईशान्य समुद्राच्या ८१ गाठी असे केल्यावर ७९ उरतात. 'चेडर' पॅकेजमध्ये यासाठी तयार सोय आहे. त्याला तीन सीएसव्ही फाइल लागतात: गाठींची, दुव्यांची आणि जाळ्याच्या गुणधर्मांची. दुव्यांच्या फाइलमध्ये भक्ष्य आणि भक्षक असे दोनच स्तंभ. गाठीच्या नावाच्या मध्ये एक मोकळी जागा जास्त पडली तरी फाइल वाचली जात नाही आणि दोष शोधायला तास जातो, म्हणून आधी एक्सेलमध्ये ट्रिम करून घ्या.

मग बारकाईचा कल पाहा. बहुतेक जाळ्यांत वरचे मासे जातीजातीने वेगळे आणि खालचा प्लवक एका गठ्ठ्यात असतो. एका जाळ्यात कोपेपॉड, अळ्या, जेली वेगवेगळे आणि दुसऱ्यात नुसता 'प्राणिप्लवक' असेल तर बारीक जाळे जाड करा. जाड जाळे बारीक करण्याच्या मोहात पडू नका. त्यासाठी नसलेली माहिती अंदाजाने भरावी लागते. जाड करताना वेगळ्या पोषण पातळीच्या गाठी एकत्र येऊ देऊ नका (जवळ्याचे काय झाले ते वर पाहिलेच), सारख्या आहाराच्या आणि सारख्या आकाराच्याच एकत्र करा.

शेवटी उंबरठा. काही सारण्यांत ०.१ टक्का आहाराचाही दुवा असतो, काहींत पाच टक्क्यांखालचे काहीच नसते. सर्व जाळी तीन उंबरठ्यांवर मोजा: सर्व दुवे, १ टक्क्यावरचे, ५ टक्क्यांवरचे. तिन्हींत क्रम तोच राहिला तर निष्कर्षाला बळ आहे. क्रम उलटला तर तसे लिहा; तोही निकालच आहे.

परजीवींचा प्रश्न जाता जाता. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया खाजणाच्या जाळ्यात परजीवी धरल्यावर सुमारे ७५ टक्के दुव्यांत त्यांचा सहभाग निघाला. बहुतेक सागरी जाळ्यांत ते नसतातच. एकात असतील तर तुलनेपुरते बाहेर ठेवा.

पायरी ५: आकडे, आणि त्यांचा अर्थ

तीन सरावी जाळ्यांचे, ट्रॉफिक स्पीशीज केल्यानंतरचे, आकडे असे येतात. बेंग्वेला: २९ गाठी, २०३ दुवे, कनेक्टन्स ०.२४, प्रति गाठ ७ दुवे. कॅरिबियन: ५० गाठी, ५५६ दुवे, ०.२२, प्रति गाठ ११.१. अमेरिकी ईशान्य समुद्र: ७९ गाठी, १,४०३ दुवे, ०.२२, प्रति गाठ १७.८. तुमचे आकडे एवढे आले नाहीत तर पुढे जाऊ नका, सारणीत चूक आहे.

कनेक्टन्स जवळपास सारखा आणि प्रति गाठ दुवे अडीचपट: ही विसंगती नाही. कनेक्टन्स स्थिर असताना गाठी वाढल्या की प्रति गाठ दुवे त्या प्रमाणात वाढणारच. म्हणून 'अमेरिकी समुद्रातले मासे जास्त प्रकारचे अन्न खातात' असा अर्थ या एकट्या आकड्यावरून काढू नये.

यावर उपाय म्हणजे निश मॉडेल, विल्यम्स आणि मार्टिनेझ यांचे, २००० सालचे. कल्पना अशी: गाठींची संख्या आणि कनेक्टन्स तेवढेच ठेवून संगणकाला नियमाने हजार जाळी विणू द्यायची आणि खरे जाळे त्यांच्या गर्दीत कुठे बसते ते पाहायचे. प्रत्येक गाठीला ० ते १ मधली एक जागा यादृच्छिक मिळते. तिच्या खाण्याच्या पट्ट्याची रुंदी म्हणजे ती जागा गुणिले बीटा वितरणातून आलेला एक आकडा. त्या वितरणाचा पहिला प्राचल १ आणि दुसरा (१ ÷ (२ × कनेक्टन्स)) − १. बेंग्वेलासाठी, ०.२४ धरून, तो १.०८ येतो. पट्ट्याचा मध्य रुंदीच्या निम्म्यापासून स्वतःच्या जागेपर्यंत कुठेही. पट्ट्यात येणारे सगळे ती गाठ खाते. सर्वात खालच्या जागेच्या गाठीची रुंदी शून्य ठेवा, नाहीतर तळाला कोणी उरणार नाही. कोणाशीच न जोडलेली गाठ असलेले जाळे फेकून पुन्हा विणा. आणि विणलेल्या जाळ्याचा कनेक्टन्स मूळच्या तीन टक्क्यांच्या आत नसेल तर तेही फेका.

मग प्रत्येक गुणधर्मासाठी खऱ्या आकड्यातून हजार जाळ्यांची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागा. उत्तर उणे दोन ते अधिक दोन या पट्ट्यात असेल तर तो फरक गाठी आणि कनेक्टन्स यांनीच समजावला. पट्ट्याबाहेरचे तेवढे त्या समुद्राचे खास. दोन समुद्रांची खरी तुलना ही इथे होते, मूळ आकड्यांत नव्हे.

डन यांच्या अभ्यासात सागरी जाळ्यांचा कनेक्टन्स, सर्वभक्षींचे आणि स्वजातिभक्षकांचे प्रमाण काहीसे जास्त, पण इतर परिसंस्थांच्या पल्ल्यातच निघाले. गाठी-गाठींमधले अंतर मात्र कमी: कोणत्याही दोन गाठी सरासरी १.६ दुव्यांवर. बेंग्वेलात सील मारले तर हेक मासा वाढेल का, हा वाद याच कारणाने सरळ सुटला नाही. सील हेक खातात, पण हेक खाणारे इतर मासेही खातात, आणि मधल्या वाटा इतक्या की योड्झिस यांच्या १९९८च्या विश्लेषणात उत्तराची दिशाच अनिश्चित झाली.

पायरी ६: जाळ्यांचे घाट

आकड्यांआधी डोळ्यांनी घाट ओळखता आला पाहिजे. बेंग्वेला किंवा पेरूसमोरच्या हंबोल्ट प्रवाहात खाली प्लवकाच्या अनेक जाती, वर भक्षकांच्या अनेक, आणि मधला सगळा भार तारली-अँकोव्हीसारख्या दोन-तीन जातींच्या डोक्यावर. याला कंबरपट्टा म्हणा. आकड्यांत तो मधल्या पातळीवर कमी गाठी, पण त्या गाठींना दोन्ही बाजूंनी खूप दुवे, असा दिसतो. गंमत अशी, की ढोबळ जाळ्यात सगळे छोटे मासे एका गाठीत घातले तर कंबरपट्टा कुठेही तयार होतो. आधी पायरी ४ पाहा.

ॲल्युशियन बेटांजवळ घाट वेगळा: समुद्री पाणमांजर, त्याखाली समुद्री साळू, त्याखाली केल्प हे मोठे समुद्रशैवाल. एस्टेस आणि पाल्मिसानो यांनी १९७४ मध्ये दाखवले, की पाणमांजरे असलेल्या बेटांभोवती केल्पची राने आहेत आणि नसलेल्या बेटांभोवती साळूंनी ती साफ केली आहेत. हे जाळे नुसत्या दुव्यांच्या सारणीत अगदी साधे दिसेल. त्याचे बळ दुव्याच्या संख्येत नाही, ताकदीत आहे. दुवे मोजणाऱ्या पद्धतीला हे कधीच कळणार नाही.

बॅरेंट्स समुद्रात उलट, बदल दुव्यांच्याच संख्येत दिसतो. पाणी तापल्यावर कॉड, हॅडॉकसारखे सर्वभक्षी मासे उत्तरेला सरकले, आणि आर्क्टिकचे तुकड्या-तुकड्यांचे जाळे त्यांच्यामुळे एकमेकांत गुंतले. इथे मॉड्युलॅरिटी, म्हणजे जाळे किती वेगवेगळ्या तुकड्यांत विभागले आहे, हा आकडा काढावा.

पायरी ७: समस्थानिके वापरणार असाल तर

सूत्र सोपे आहे: पातळी = २ + (माशाचे नायट्रोजन-१५ − आधाराचे नायट्रोजन-१५) ÷ ३.४. नायट्रोजन-१५ म्हणजे जड नायट्रोजनचे प्रमाण हवेच्या तुलनेत हजारी किती जास्त, तो आकडा. आधार म्हणजे प्राथमिक भक्षक, वनस्पती खाणारा, शक्यतो कालवे किंवा तिसऱ्यांसारखे दीर्घायुषी शिंपले, कारण प्लवकाचे मूल्य आठवड्याला बदलते.

फसगत आधार न घेतल्याने होते. समजा एका समुद्रातला मासा १४ दाखवतो, दुसऱ्यातला ११. पहिला वरचा वाटतो. पहिल्याचा आधार ९ आणि दुसऱ्याचा ५ असेल तर पातळ्या ३.४७ आणि ३.७६ निघतात, क्रम उलटला. अरबी समुद्रासाठी ही भीती कागदी नाही. तिथल्या कमी-ऑक्सिजनच्या थरात जीवाणू नायट्रेट मोडतात, आधी हलका नायट्रोजन उडतो, आणि उरलेले नायट्रेट जड होऊन वर येते. सगळे जाळे तळापासून जड होते. याउलट ट्रायकोडेस्मियम हा सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन बांधतो तिथे तळ शून्याच्या आसपास असतो. अरबी समुद्र आणि एखादा प्रवाळ यांचे कच्चे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे दोन वेगळ्या जोत्यांवरच्या घरांची उंची रस्त्यावरून मोजणे.

नमुना पाठीच्या पांढऱ्या स्नायूचा घ्या, फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी. ६० अंशांवर ४८ तास सुकवा, खलात वस्त्रगाळ करा, टिनच्या कुपीत ०.५ ते १ मिलिग्रॅम भरा. मोजणीला बाहेरगावी पाठवायचे असेल तर सुकी भुकटी सीलबंद कुपीत सिलिका जेलसह टिकते. सोलापूरच्या मे महिन्यात बर्फात मासा पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. स्नायूचे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर ३.५च्या वर गेले तर चरबीमुळे कार्बन-१३ खाली ओढला जातो, त्याची दुरुस्ती करा: मूल्य − ३.३२ + ०.९९ × गुणोत्तर. खेकडा-कोळंबीचे कवच राहिले असेल तर कार्बनसाठी आम्लाने धुवा, पण नायट्रोजनसाठी न धुतलेला वेगळा भाग ठेवा.

पोटातल्या अन्नाचा सराव

स्थानिक मासळी बाजारातला बर्फातला बांगडा सरावाला उत्तम, डेटा म्हणून निरुपयोगी: कुठे, कधी, कोणत्या जाळ्यात सापडला हे कळत नाही. उजनीची चिलापी ताजी मिळते, तिच्यावर हात बसवा. फक्त गोड्या पाण्याचा तो आकडा सागरी तक्त्यात घालू नका.

पोट १० टक्के फॉर्मलिनमध्ये दोन दिवस, मग धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. प्रत्येक भक्ष्याचे तीन टक्के काढा: किती पोटांत आढळले, संख्येने किती, वजनाने किती. सापेक्ष महत्त्व निर्देशांक = (संख्येचा टक्का + वजनाचा टक्का) × आढळाचा टक्का. संख्या ४०, वजन २०, आढळ ५० असेल तर ३,०००. हा निर्देशांक आहार-सारणीत भरण्याची चूक सर्रास होते. पातळी ऊर्जेच्या प्रवाहावर ठरते, म्हणून सारणीत वजनाचा वाटाच घाला. भरलेली पोटे किती पाहायची? नव्या पोटागणिक नव्या भक्ष्यांची वाढ दाखवणारी वक्ररेषा सपाट होईपर्यंत.

पोटही खोटे बोलते. जेलीफिश काही तासांत विरघळतो, म्हणून तो कमी दिसतो. माकूलाची चोच आणि माशाचे कर्णाश्म दिवसेंदिवस राहतात, म्हणून ते जास्त दिसतात. खोल ट्रॉलमधून वर येताना हवेची पिशवी फुगून मासा खाल्लेले ओकतो. आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदीच्या महिन्यांत नमुनेच कमी असतात, नेमके तेव्हा, जेव्हा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात अपवेलिंग चालू असते.

प्रवाहांची तुलना

इकोपाथमध्ये उतरण्याआधी एककांची तपासणी. एक प्रारूप ओल्या वजनात, टन प्रति चौरस किलोमीटर, दुसरे कार्बनमध्ये. ढोबळ रूपांतर ९ भाग ओले वजन = १ भाग कार्बन. प्रत्येक गटाची इकोट्रॉफिक एफिशियन्सी, म्हणजे त्याच्या उत्पादनातला खाल्ला किंवा पकडला गेलेला वाटा, १च्या आत हवी, उत्पादन भागिले खाणे बहुतेक गटांत ०.१ ते ०.३. प्रारूप संतुलित असले म्हणजे खरे असतेच असे नाही. संतुलन हाताने ओढूनताणूनही आणता येते.

एका पातळीवरून वरच्या पातळीवर जाणारी ऊर्जा सरासरी १० टक्के, हा पाउली आणि क्रिस्टेन्सन यांनी १९९५ मध्ये अनेक प्रारूपांतून काढलेला आकडा. रायथर यांनी १९६९ मध्ये खुल्या समुद्रात पाच, किनाऱ्यावर तीन आणि अपवेलिंगात दीड पातळ्या धरल्या होत्या. जीवाणूंचे वर्तुळ, म्हणजे विरघळलेले अन्न जीवाणूंमार्फत पुन्हा साखळीत येणे, तेव्हा माहीत नव्हते, पण एकेक पातळी वाढली की वरचा मासा दहापट कमी होतो हा हिशोब टिकला आहे. साखळीच्या लांबीत अर्ध्या पातळीची चूक म्हणजे उत्पन्नाच्या अंदाजात तिपटीची चूक. म्हणून पोषण पातळी दोन दशांशांपर्यंत छापण्याआधी तिची अनिश्चितता किती, ते त्याच तक्त्यात शेजारच्या स्तंभात द्या.

गाठी काढून पाहणे

एकेक गाठ काढत जा आणि सर्व भक्ष्य गेलेला भक्षकही गेला असे धरा. निम्म्या गाठी संपायला किती टक्के काढाव्या लागल्या तो टिकाऊपणा, कमाल ०.५. दोन क्रमाने करा: यादृच्छिक (किमान हजार वेळा) आणि सर्वाधिक दुव्यांच्या गाठी आधी. कनेक्टन्स जास्त असलेली जाळी इथे भक्कम दिसतात. हे उत्तर नेहमी प्रत्यक्षाहून आशावादी येते, कारण ९० टक्के अन्न गेलेला मासा उरलेल्या दहा टक्क्यांवर जगतो असे गणित मानते. निकालाच्या तक्त्याखाली हे गृहीतक, वापरलेला उंबरठा, कनेक्टन्सचे सूत्र आणि प्रत्येक जाळ्याचे वर्ष छापा.